व्हॉल्वची पेटी आणि ब्रॉनची नक्कल

मंगळवार, ४ मार्च
आज पुन्हा तेच! ब्रॉन म्हणते, इक्वलायझरची पेटी विकून टाकू. एकोणीस वर्षं आम्ही दोघं मिळून थॉर्नबरीचा हा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतोय, आणि आता बाईंचा आवाजातला बेस-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या माझ्या या पेटीवर डोळा. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे खरे व्हॉल्व आहेत आत. तापायला वीस मिनिटं घेते, मग काय आवाज लागतो! ब्रॉनकडे या पेटीची कॉम्प्युटरमधली नक्कल आहे. पडद्यावर बटणांची चित्रं, आणि चित्रातल्या पत्र्यावर गंजसुद्धा काढलाय. चीड येते नुसती.

बुधवार, ५ मार्च
टालिया या गायिकेच्या अल्बमचं मिक्सिंग सुरू. बेस वाढवायचा आणि त्याच जागी कापायचाही. पेटीच्या माहितीपुस्तकात याला सक्त मनाई आहे, म्हणून तर आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. मग ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, दिला चढवून. ब्रॉन दाराशी येऊन म्हणाली, वरचं जरा टोचतंय. मी म्हटलं, तू तुझ्या चित्रांशी खेळ. गेली निमूट. ढोंगी!

शुक्रवार, ७ मार्च
नाक कापलं गेलं. टालिया शेजारी बसली होती. मी पेटीचं बटण हळूहळू फिरवत तिला म्हटलं, ऐक, आवाज कसा उजळत गेला. ती म्हणाली, हो, खरंच. तेवढ्यात ब्रॉननं मागे बोट दाखवलं. पेटीची वायर सुटून जमिनीवर पडली होती! गाणं पेटीतून जातच नव्हतं. टालिया हसून हसून वाकली.

ब्रॉन म्हणते, सगळ्यांचं होतं असं. माझं नाही होत! वायर हिनंच काढली असणार. तोंडावर सांगितलं, तुझं-माझं संपलं, स्टुडिओचे दोन भाग करू. यावर तिचं एकच वाक्य : "केल, आधी कान तपासून घे." इतका नीचपणा!

सोमवार, १० मार्च
कामगार दिनाची सुट्टी (आमच्याकडे तो मार्चमध्येच असतो), स्टुडिओत कोणी नाही. पुरावा शोधायला ब्रॉनचा कॉम्प्युटर उघडला. सापडला. माझ्या प्रत्येक मिक्सवर शेवटी तिची ती नक्कल चढवलेली. तीन वर्षं, अकरा अल्बम, आणि प्रत्येकात माझा ट्रेबल खाली आणलेला. चोर!

रंगेहाथ पकडायचं म्हणून नक्कल बंद करून ऐकलं. मग चालू करून. परत बंद. पडद्यावरची ट्रेबलची रेघ दर वेळी चांगली दोन बोटं वरखाली होत होती. मला फरक ऐकू आला नाही. वीसेक वेळा केलं.

अकराही अल्बमवर मिक्सिंग म्हणून नाव माझ्या एकट्याचंच आहे.

मंगळवार, ११ मार्च
टालियाच्या गाण्यावर नक्कल आज मीच चढवली. ट्रेबल किती खाली आणायचा, ते ब्रॉनला विचारलं.