लेण्यांवर मारलेली हाक

नाशिक,
६ मे १९८४

चि. सौ. लंकास,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. आपल्या आप्पांच्या गुडघ्याचं रडगाणं तेच. नळाला दिवसाआड पाणी येतं. विशाखाचा वरचा दात पडला. तिकडे सिन्नरला ऊन मरणाचं असेल. पत्र्याखाली बसून विड्या वळू नकोस, डोकं तापतं. सावळीरामरावांना जयभीम सांग.

मैनाला काय सांगायचं ते पुढे लिहिते.

काल शेजारच्या अक्काबाई तुमच्याकडून परतल्या. पायरीवर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुमन, तुझी भाची अजून बोलत नाय गं. कुणी डोळ्याचं विचारलं की मान खाली घालती अन् हातानं दगड फेकल्याची खूण करती. मीच मारला, असं खुणेनंच सांगती."

तीन महिन्यांत तुला चार पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. हे फाडणार नाही.

तू मैनाला माझ्याकडे आणलंस तो दिवस आठव. गुरुजी तिला रोज उभं करून नाव विचारायचे आणि सगळा वर्ग तिच्या अडखळण्याला हसायचा. तू म्हणालीस, "ताई, तू मास्तरीण होतीस. हिला घरीच शिकव." माझी विशाखा टायफॉइडनंतर घरीच होती. मग सुलाबाईंची दोघं आली, कुसाबाईंची नात आली. पाच मुलं झाली. आप्पा किती चिडले होते! "शाळेची पायरी चढायला आपल्या माणसांनी काय काय सोसलं, आणि तू पोरांना त्या पायरीवरून खाली उतरवतेस?" मी म्हटलं, "उतरवत नाही आप्पा, दुसऱ्या वाटेनं चढवतेय." मला फार खात्री होती तेव्हा.

दर शनिवारी पाट्या घरी ठेवून आम्ही बाहेर पडायचो. पाटाच्या पाण्यात काडी सोडून पाण्याचा वेग मोजायचा, द्राक्षाच्या मळ्यात छाटणी बघायची. लेण्यांवर गेलो की मैना वेगळीच व्हायची. भिंतीवरच्या त्या जुन्या अक्षरांवरून बोट फिरवत ती बोलायची, तेव्हा तिची जीभ अडखळायची नाही. हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारचं मात्र मी तुला खरं कळवलं नाही.

वर चढताना गवत कापणारा बहिरू भेटला. म्हणाला, "बाई, आज वरच्या अंगाला पोरं नेऊ नका. सकाळी कोणी तरी धूर केलाय, आग्यामोहोळ खवळलंय." मी हो म्हटलं. पण एवढं चालत आलो होतो, मुलं हिरमुसली होती. पाच मिनिटांत बघून येऊ म्हणून मी त्यांना वर नेलं.

माश्या आल्या तेव्हा आधी नुसता आवाज आला. मी ओरडले, "खाली पळा!" सुलाबाईंची दोघं आणि कुसाबाईंची नात पळाली. विशाखा माझ्याजवळ होती. मैना भिंतीपाशी.

गोंधळात मैना मला दिसलीच नाही, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. ती दहा पावलांवर होती. डोळ्यांवर हात घेऊन खाली बसली होती. मी विशाखाला पदरात गुंडाळलं आणि पळाले. मागून हाक आली, "मा... मा... मावशी!" पुरी हाक आली, लंका. मी ती ऐकली आणि वळले नाही. बहिरूनं घोंगडी टाकून तिला उचलून आणलं, मी नाही.

दवाखान्यात कोणीसं विचारलं, मुलांनी मोहोळाला दगड मारला का? मैना रंगीत खडे गोळा करायची, तिच्या मुठीत एक निघाला होता. मी म्हटलं, "मारला असेल." एवढंच म्हटलं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीत झालं, मैनानं दगड मारला. सावळीरामराव तिच्या खाटेशी उभे राहून "का मारलास?" म्हणून विचारत होते, तेव्हाही मी गप्प होते. तिचा एक डोळा पट्टीखाली होता, दुसऱ्यानं ती माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर देता येणार नाही हे मला ठाऊक होतं.

कोणी दगड मारला नव्हता. तिनं नाहीच.

आज सकाळी हे सगळं घरी सांगितलं. आप्पा भाकरी अर्धी टाकून उठले. मग मी सुलाबाईंकडे गेले, त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. कुसाबाई रडल्या. विशाखा दाराआडून ऐकत होती. तिनं विचारलं, "आई, मग तू मैनाला का नाही उचललंस?" मी म्हटलं, "तुला उचललं म्हणून." तेव्हापासून ती आप्पांजवळ बसून आहे.

मैनाचा डोळा मला परत देता येत नाही. पण हे पत्र तिला वाचून दाखव, सावळीरामरावांसमोर. वीस तारखेला, रविवारी, मी येते. तिच्यासमोर माझ्या तोंडानं सांगेन. तुला वाटलं तर दारातूनच परत पाठव.

तुझी म्हणवून घ्यायला धजत नाही,
सुमन


सिन्नर,
१४ मे १९८४

ताई,

जयभीम.

पत्र मिळालं. पहिलं मी एकटीनं वाचलं, चुलीत घालणार होते. मग मैनाच्या बापाला हाक मारली आणि दोघांसमोर वाचलं. ते बाहेर जाऊन बसले, लय वेळ आत आले नाय.

मैनानं खुणेनं पुन्हा वाचायला लावलं. हाकेची ओळ आली तसा माझा हात धरला. तीन महिन्यांनी तिच्या तोंडून शब्द आला, ताई. म्हणाली, "मा... मावशीनं ऐकलं होतं?"

मी म्हटलं, "हो, ऐकलं होतं."

म्हणाली, "मला वाटलं, माझा आवाजच नि... निघाला नाही."

मग ती रडली. मोठ्यानं. शेजारच्या बाया धावत आल्या, मी त्यांना परत पाठवलं. रडू दिलं तिला.

आता थोडं थोडं बोलती. बाप तिच्याजवळ जाऊन "चुकलं माझं" म्हणाला. जूनमध्ये इथल्याच शाळेत घालणार, मी स्वतः जाऊन गुरुजींशी बोलणार हाय.

वीस तारखेला येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवणार नाय. मैनाला विचारलं, मावशीला काय लिहू? ती म्हणाली, विशाखाला आणा.

विशाखाला आप्पांबरोबर पाठव.

तुझ्याच आईच्या पोटची,
लंका