पुसलेल्या जांभळ्या रेषा

सासूबाई, मी बोलते अन् नात लिहून राहिली आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्ही गावभर सांगत होता, ते अजून तसंच आहे.

तुमच्या गालात गाठ निघाली, तेव्हा आपण सौंसरहून बसनं नागपूरला सिकाईला, मशीनचा शेक घ्यायला, जायचो. डॉक्टरनं तुमच्या गालावर, गळ्यावर जांभळ्या शाईनं रेषा आखल्या होत्या. पाणी लावू नका म्हणाला. का, हे विचारायची हिंमत दोघींतही नव्हती. मला वाटलं, संत्र्याच्या पेटीवर व्यापारी खूण करतो तसं असेल. पेटी ट्रकवर चढली की खुणेचं काम संपलं. तुम्ही तर पाचदा मशीनखाली जाऊन आला होता.

शनिवारी जामसांवलीला जायचं होतं. तुम्ही आरसा मागितला. "मारुतीपुढं असं रंगलेलं थोबाड घेऊन जाऊ काय वं? बाया म्हणतीन, म्हातारीचा पोळ्याचा बैल झाला." मग मी दही-बेसन लावून अलगद चोळत बसले. कातडी करपलेली, तुम्ही हूं की चूं केलं नाही. चेहरा स्वच्छ निघाला, तशी मीच माझ्यावर खूश.

सोमवारी मशीनवाली बाई ओरडली, "रेषा कोणी पुसल्या? आता मशीन कुठं लावू?"

"घामानं गेल्या," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. जन्मभर माझ्या भाजीत खोट काढणाऱ्या तुम्ही म्हणालात, "हो बाई, मले घाम लय येते."

आखणारा डॉक्टर आठवड्यानं येणार होता. मशीन एकच, सौंसरला पहिल्या टीव्हीपुढं बसायची तशी चार जिल्ह्यांची माणसं तिच्यापुढं बसलेली. आपला नंबर गेला. पुन्हा लागेपर्यंत पोळा अन् त्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार होऊन गेली अन् तुमचं गिळणं बंद झालं.

ही नात आता परदेशात असल्याच मशीनवर काम करते, सुट्टीला घरी आली आहे. काल म्हणाली, "आजी, तिकडे सुईनं बारीक ठिपका गोंदतात. कितीही धुवा, जात नाही." तुमच्या हातावरचं तुळशीवृंदावन सरणापर्यंत तसंच होतं. त्यांच्यासारख्या मशिनी आपल्याकडे नव्हत्या, कबूल. पण गोंदणारीण तर दर बाजाराला सावरगावहून येत होती.

नातीचा हात थांबला आहे. लिही बाई, घाम नव्हता. डॉक्टरला सांगितलं नाही, घरातही नाही. कागद पिठाच्या डब्याखाली ठेव.

त्या घामासाठी तुमचे आभार मानायला तेव्हा वेळ होता, सासूबाई. पण मानले असते तर तुम्ही ते महिनाभर ऐकवलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.