नुसते ओठ हलव

३ मार्च, तळेगाव

आज शाळेत कारखान्यातले जपानी पाहुणे आले. मुलींनी त्यांच्या बाहुल्यांच्या सणाचं गाणं म्हटलं. बसवलं मीच. टाकवे गावाहून येणाऱ्या सारिकाचं सगळ्यांत आधी पाठ झालं होतं. पण बाहुलीला जपानीत 'हिना', तर ही 'इना' म्हणायची. काल वर्गासमोर तिला म्हणाले, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढलास तर बाहेर उभी करीन." वर्ग हसला. मीही हसले. का हसले मी?

आज तिने शेवटपर्यंत नुसते ओठ हलवले. नंतर तिची आई हात जोडत आली. "बाई, समद्यांत माझ्या पोरीचा आवाज लय गोड लागला!"

सारिका माझ्याकडे बघत होती.

"हो ना," मी म्हणाले. "घरी रोज म्हणायला लावा."