दोन पावलं मागे

रशीदभाई, सलाम.

तुम्ही गेल्यावर चार महिने दहा दिवस मी तुमच्या दारात आलो नाही. भाभींची इद्दत होती, त्या काळात परक्या पुरुषानं समोर जायचं नसतं, हे सगळ्यांना पटण्यासारखं कारण होतं. खरं सांगू? मला ते कारण बरंच झालं. इद्दत संपली, आज सकाळी तुमच्या घरी जाऊन आलो आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला. शेवटी म्हटलं, ज्याच्याशी बोलायचंय त्यालाच लिहावं.

विषय तोच. माळावरचा फोटो. तुमचा आणि भाभींचा.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा तुमच्या शबानाचा फोन आला होता. "दिलीपचाचा, अम्मी म्हनती तुमी काढलेला तिसगावच्या माळावरचा फोटो पायजे. लग्नाकार्यातले लई हायेत, पन समद्यात गर्दी. दोघांचाच असा तेवढा एकच हाय." मी म्हटलं, देतो की, त्यात काय! आणि फोन ठेवल्यावर कॉम्प्युटर उघडायचंच टाळत राहिलो.

कारण त्या फोटोत तुम्ही धूसर आहात, भाई. भाभी इतक्या लख्ख आल्यात की चष्म्याच्या काडीचा स्क्रूसुद्धा ओळखता येईल. आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर तुम्ही, हसताय एवढं कळतं. डोळे कुठे बघतायत ते कळत नाही.

आणि हे कोणाच्या हातून व्हावं? ज्याला तुम्ही नऊ वर्षं हीच एक गोष्ट शिकवलीत, त्याच्या हातून!

आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्या भिंगारच्या चष्म्याच्या दुकानात आलो ते? कॅमेरा गळ्यात, तोंड वाकडं. टिटव्यांच्या जोडीचे चाळीस फोटो, सगळ्यांत एक पक्षी नीट आणि दुसरा पुसट. नवी लेन्स बिघडलेली आहे, असं तावातावानं सांगत होतो. तुम्ही आधी माझे डोळे तपासलेत. "लेन्स बेस हाय. नंबर तुझा वाढलाय," म्हणालात, आणि मला चष्मा करून दिलात. मग चहा मागवलात आणि खरं दुखणं सांगितलंत.

"दुकानात म्हातारी मानसं येत्यात. बोर्ड वाचाय लावला की डोळे किलकिले करत्यात, बघितलंस कधी? भोक बारीक केलं की पुढचं-मागचं दोन्ही बरं दिसतं. कॅमेऱ्याचं बी तेच हाय. एकटं पाखरू असलं तर डोळा सताड उघडा ठेव. जोडी असली की त्याला डोळा बारीक करायला सांग."

अ‍ॅपर्चर आणि डेप्थवरची व्हिडिओवाल्यांची लांबलचक भाषणं मी नंतर पुष्कळ ऐकली. तुमच्या ह्या चार वाक्यांपलीकडे कुणी काही सांगितलं नाही.

मी कमी भांडलो का तुमच्याशी? डोळा बारीक केला की उजेड कमी पडतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात माळावरच्या पखुर्डी पक्ष्यानं नुसती मान वळवली तरी फोटो हलतो, मग काय करायचं? बरं, दोघांच्या बरोबर मध्ये फोकस धरला तर? "मग दोघंबी नाराज," म्हणायचात. "आपन सरकायचं रे. दोघं आपल्यापासून सारख्या अंतरावर येतील तिथवर सरकायचं. पाखरू न्हाई सरकनार आपल्यासाठी."

आणि साठी ओलांडलेला माणूस मुरमावर पालथा पडून कोपरांनी वीत-वीत सरकायचा! स्वेटरभर कुसळं. परतताना करंजीच्या हॉटेलात बसून आपण ती वेचत असायचो आणि हॉटेलवाला हसत असायचा. मी मात्र आळशी. मी जिथे बसलो तिथूनच काढणार आणि एक पक्षी पुसट आला की पक्ष्याला नावं ठेवणार.

त्या दिवशी भाभी पहिल्यांदाच आपल्याबरोबर आल्या होत्या. खिमा-पराठ्यांचा डबा घेऊन. "एवढं काय हाय त्या माळावर, मला बी बघू द्या," असं म्हणून. पाझर तलावापाशी डबा खाल्ला, आणि निघताना त्याच म्हणाल्या, "ह्ये पाखरांचेच फोटू काढनार व्हय? आमचा बी काढा की एक."

माझ्या हातात पक्ष्यांची लांब लेन्स. तुम्हा दोघांना फ्रेममध्ये घ्यायला मी तीस पावलं मागे गेलो. एवढ्यात कुठूनतरी पखुर्ड्यांचा आवाज आला, तुम्ही थबकलात, भाभी दोन पावलं पुढे आल्या. तुम्ही तिथूनच ओरडलात, "दिल्या, दोघं हायेत! डोळा बारीक कर!"

मी काय म्हणालो? "माहीत आहे हो, भाई! हसा आता."

माहीत होतं. केलं नाही. सकाळपासून एकट्या धाविक पक्ष्याच्या मागे होतो, कॅमेऱ्याचा डोळा सताड उघडाच राहिला होता. वळसा घालून बाजूला सरकलो असतो तरी दोघं सारख्या अंतरावर आला असतात. तेही नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या टिचभर पडद्यावर बघितलं, तिथे काय, सगळंच छान दिसतं. "झकास आलाय!" म्हणून मोकळा झालो.

आणि भाई, तुम्हीही कमाल केलीत! त्या पखुर्ड्या काय पळून जाणार होत्या? एवढी दोन पावलं पुढे आला असतात तर काय बिघडलं असतं?

नाही. रागावत नाही. तुमच्यावर रागावून मोकळं व्हायचा माझा हा डाव आहे, तो मलाच कळतो.

घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला आणि कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही दोनदा विचारलंत, "त्यो फोटो देतोस ना?" मी दोन्ही वेळा म्हटलं, थोडं काम बाकी आहे. मनात होतं की पुढच्या थंडीत पुन्हा काढू आणि तोच हा म्हणून देऊ. दोन थंड्या तशाच गेल्या. मग एके दिवशी दुपारी दुकानातच, काउंटरवर डोकं ठेवून तुम्ही गेलात.

ह्या चार महिन्यांत काय काय केलं म्हणून सांगू! तुम्हा दोघांचा दुसरा फोटो मिळतोय का म्हणून कॅमेऱ्याची सगळी जुनी कार्डं उपसली. जोड्याच जोड्या. टिटव्या, पिंगळे, सुतार, पखुर्ड्या. तुमचा एक फोटो सापडला, त्यात नुसते बुटांचे तळवे. एका पोरानं मोबाईलवर एआयनं माळावरचा फोटो स्पष्ट करून दिला. आला की लख्ख! नाक तुमचं, दाढी तुमची, पण डोळे भलत्याच कुणाचे. बघवेना, पुसून टाकला.

शेवटी आहे तसाच छापला. आज सकाळी भाभींच्या हातात पाकीट दिलं आणि त्यांनी उघडायच्या आधीच बोलून टाकलं. "भाभी, ह्यात भाई धूसर आलेत. चूक माझी आहे. त्यांनी मला ओरडून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर त्यांच्याशी खोटंही बोललो."

त्यांनी पाकीट उघडलं. फोटो काढला, हात लांब करून बघितला. शबाना त्यांच्या खांद्यावरून बघत होती, तिचा चेहरा पडला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग भाभींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. तुम्हीच केलेला, जाड काचांचा. म्हणाल्या, "रोज सकाळी उठल्यावर, चष्मा घालायच्या आधी, मला ह्ये असेच दिसायचे."

आणि बोटानं तुमच्या अंगावरून अलगद पुसल्यासारखं केलं. "असेच. दोन पावलांवर. चहा घिऊन उभे."

मला रडू आवरलं नाही, भाई. शबानाही रडली. भाभींनी मात्र आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

तरी अजून चैन पडत नाही. त्यांनी माफ केलं, पण तुम्ही मला ओरडून सांगितलं होतंत, ते कानातून जात नाही.

म्हणून एक कबूल करतो. ह्या थंडीत मी तिसगावच्या माळावर जाणार. एकटाच जाईन, तुमची जुनी कानटोपी शबानाकडून मागून आणलीय. पखुर्ड्यांची ती जोडी, जी आपल्याला नऊ वर्षांत फोटोत एकदाही एकसारखी स्पष्ट मिळाली नाही, तिच्यासाठी पालथा पडून सरकेन, कोपरं सोलली तरी. नर आणि मादी, दोघांचेही डोळे स्वच्छ दिसेपर्यंत परत येणार नाही. आणि तो फोटो आधी तुमच्या घरी नेईन. भाभींना सांगेन, हा फोटो मात्र चष्मा लावून बघा.

तुमचा,
उशिरा सरकायला शिकलेला
दिलीप