बारावा पडदा

सोमवार, ता. ४

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आठवडाभर या घरात एकच विषय चाललाय, राजधानी. चिरंजीवांनी शनिवार-रविवारची सहल ठरवली आहे. दोन दिवसांत चौदा ठिकाणं! प्रत्येकासमोर मिनिटं लिहिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. संसदेला पस्तीस, प्राणिसंग्रहालयाला नव्वद, जेवणाला वीस. सूनबाई म्हणाली, श्वास कधी घ्यायचा तेही एकदा लिहून टाका. माझे गुडघे त्या तक्त्यात कुठेच नाहीत.

यांना चौदांतलं एकच बघायचंय, मोठ्या ग्रंथालयाचं वाचनदालन. तू कॉलेजसाठी आमच्याकडे होतीस ते वर्ष आठव. पुढची खोली त्याच दालनाच्या बारा हिरव्या पडद्यांनी भरलेली, आणि आपण जेवायला त्यांच्यावरून उड्या मारत जायचो. हे शिवायचे, हाताची तुरपाई आपण दोघी करायचो, मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवली तशी, टाका दिसला तर उसवा. हे ज्या दुकानासाठी शिवायचे त्याच्या मालकाने पडदे नेले आणि आपल्या माणसांकडून लावून घेतले. यांनी ते लागलेले कधी पाहिलेच नाहीत.

आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, उजवा गेल्यात जमा आहे, डावाही वर्षभर साथ देईल असं नाही. जे बघायचंय ते बघून घ्या. हे घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, मग पडदे बघून येऊ.

तक्त्यात ग्रंथालय शेवटचं आहे. वीस मिनिटं. तोवर आमच्यात काय उरेल देव जाणे.

तुझ्या खोकल्याचं कळव. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई


गुरुवार, ता. ७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकला बरा आहे. पण तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. एक गोष्ट एकतीस वर्षं पोटात ठेवली, आज लिहिते.

तू बाळंतपणाला दवाखान्यात होतीस ते चार दिवस आठव. भावजींची तुझ्याकडे आणि घरी अशी धावपळ चालली होती. बारावा पडदा राहिला होता आणि माणसं दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. मी म्हटलं, मी करते. फरशीवर भावजींच्या खडूच्या दोन रेघा असायच्या ना, लांबची पडद्याची आणि चार बोटं अलीकडची अस्तराची? मी पडदा अस्तराच्या रेघेवर कापला. कापल्यावर कळलं. रडले, अस्तर आणखी वर घेतलं, तुरपाई केली आणि उरलेली पट्टी माझ्या ट्रंकेत लपवली. कुणाला बोलले नाही.

त्यानंतर मालकाने भावजींना पुन्हा मोठं काम दिलं नाही. जन्मभर उशांचे अभ्रे आणि दुकानांच्या कनाती. का दिलं नाही ते तुला माहीत नव्हतं, मला होतं. आता मी मुलींना शिवण शिकवते आणि पहिल्याच दिवशी सांगते, कापण्याआधी दोनदा मोजा. सांगताना वर बघवत नाही.

ताई, त्यांच्या डोळ्यांत थोडाच उजेड उरलाय. त्यात माझा आखूड पडदा नको. शेवटच्या खिडकीपाशी त्यांना जाऊ देऊ नकोस, एवढं कर.

तुमची चुकलेली,
टाचणी


मंगळवार, ता. १२

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

आम्ही परत आलो. पाय अजून आलेले नाहीत.

संसद बाहेरूनच पाहिली, कारण रांग तक्त्यापेक्षा लांब होती. पुतळे इतके पाहिले की सगळे एकाच घरातले वाटायला लागले. नात प्रत्येक ऐतिहासिक वास्तूत बाथरूम कुठे आहे एवढंच विचारत होती, आणि खरं सांगू, मलाही तेवढंच हवं होतं. सूनबाईच्या टाचेला फोड आले. चिरंजीव तक्ता हातात घेऊन पुढे, आम्ही मागे फरपटत. हे एकदाही कुरकुरले नाहीत. फक्त दर तासाला विचारायचे, ग्रंथालय बंद किती वाजता होतं?

बंद व्हायला पंधरा मिनिटं असताना पोचलो. दालन लांबलचक, एका बाजूला बारा खिडक्या. यांनी पहिला पडदा बोटांत धरला आणि सोडला. दुसराही तसाच. तिसऱ्यापाशी म्हणाले, हे आपलं कापड नाही. नवे गुळगुळीत पडदे होते गं, यंत्राची शिवण. सहाव्यापाशी ते बाकावर बसलेच. त्यांचा चेहरा मला बघवेना. तुझं पत्र पर्समध्ये होतं. मी कोपर धरून म्हटलं, चला, झालं. तेवढ्यात नात शेवटच्या खिडकीजवळून ओरडली की आजोबा, हा एकटाच वेगळा आहे.

मला अडवता आलं नाही. हे गेले, गुडघ्यावर बसले आणि सवयीने पडद्याचा काठ उलटा केला. पहारेकरी धावत आला, हात लावू नका म्हणून. सूनबाईने त्याला असं काही झापलं की मला तिचा अभिमान वाटला. फरशी पुसणाऱ्या बाईंनी मग सांगितलं की जुने अकरा जमिनीला टेकायचे, रोजच्या ओल्या फडक्याने खालून कुजले, म्हणून बदलले. हा चार बोटं वर राहिला, याला पाणी लागलं नाही. म्हणून तेवढा ठेवला.

हे काठावर बोट फिरवत म्हणाले, टाचणीची तुरपाई.

परतीच्या गाडीत सगळे झोपल्यावर यांनी मला सांगितलं. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. दवाखान्यातून आले तेव्हा तू अंगुस्तान बोटात ठेवूनच पडद्यावर डोकं टेकून झोपलेली. कापड संपलं होतं, दुसरा निघणं शक्य नव्हतं. मालकाला म्हणाले, रेघ माझी चुकली. मालक म्हणाला, ज्याला स्वतःची रेघ कळत नाही त्याला मोठं काम कसं द्यायचं.

आणि मी इतकी वर्षं टोमणे मारले, की मालकाच्या पुढेपुढे करणं तुम्हाला जमत नाही. मी त्यांचा हात धरून बसले. तुला कळवू नकोस असं त्यांनी बजावलंय, पोरीला उगाच लागेल म्हणाले. पण तुझ्यापासून मी काय लपवलंय कधी?

फार दमले आहे. उरलेलं भेटीत. मन हलकं कर आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
ताई


शुक्रवार, ता. १५

ती. भावजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ताई वाचून दाखवेल. तिने चुगली केली आहे. तिला रागावू नका, लहानपणापासून तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्या पोटात मात्र फारच राहिलं.

खूप लिहायला बसले होते, सगळं खोडलं. पुढच्या आठवड्यात रजा घेऊन येते. डॉक्टरीणबाईंकडे मी नेईन, ताईच्या गुडघ्यांना थोडी सुट्टी.

पाकिटात एक घडी आहे, ती ताईकडून घ्या आणि स्वतः उलगडा. ट्रंकेत उजेड लागला नाही, त्यामुळे रंग पहिल्या दिवशीसारखाच हिरवा आहे. डाव्या डोळ्याला दिसेल, नाही तर बोटांना कळेल. मोजून बघा, बरोबर चार बोटं भरेल.

तुमच्या मायेत वाढलेली,
टाचणी