उंदरांची वही

आबा, मी इथं गुजरातेत एका लॅबमध्ये उंदीर सांभाळतो. पांढरे, लाल डोळ्यांचे. हसाल तुम्ही. एकेकाला नळीत बसवायचं, नुसतं नाक पुढं काढायचं आणि मशीनमधून फवारणीच्या औषधाची बारीक पावडर त्या नाकावर सोडायची. मग चौदा दिवस बघायचं. कोण शिंकला, कोणाचा श्वास वाजतो, कोणाचं वजन उतरलं, सगळं वहीत. मेला तर सर त्याची छाती उघडून बघतात. माणसाच्या छातीत किती धूळ गेली तर चालेल, ते यावरून ठरतं. मी सातवी शिकलेला, पण पिंजरे धुता धुता वही माझ्याकडं आली.

परवा मशीनवाला म्हणाला, "हवा हलता कामा नये, म्हणजे धूळ नाकाशी टिकते." माझं डोकंच फिरलं. ओतूरला आपल्या रानात आपण दुसरं काय करत होतो? वारा पडायची वाट बघायची, पानांवर दव असेपर्यंत उरकायचं. तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर बांधून टोमॅटोवर झटकत चालायचा. वाऱ्यानं ती वाया जायला नको ना. एकदा मी तोंडाला टॉवेल बांधला, तर तुम्ही सरीतनं ओरडलात, "नवरी हाय का रं तू? सोड ते. पानाला काय व्हत न्हाई, तुला काय व्हतंय?" बांधावरचा शेजारी हसला. मी टॉवेल सोडला. पावडरीनं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी तुम्ही तसेच न्याहारीला बसलात. आबा, लई राग येतो. तुमचा येतो. "मिठावानी हाय, काय न्हाई व्हत" म्हणून सुटी पावडर कागदात बांधून देणाऱ्या दुकानदाराचाही येतो. इथं उंदराला नंबर आहे. तुम्हाला कोणी मोजलं?

मीच मोजायला होतो. दवाखान्यात तुमच्या तोंडावर ऑक्सिजन, बोलता येत नव्हतं. मी डॉक्टरांना पावडरीचं सांगितलं. ते म्हणाले, "कसली? नाव काय?" नाव कोणाला ठाऊक होतं. मागं माणसं उभी. मला अडाण्यासारखं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "बिडी ओढायचे का?" मी म्हणालो, "व्हय, लई वर्षं." तुम्ही मान हलवलीत. डॉक्टर लिहीत होते, त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं.

तुम्ही जन्मात बिडीला हात लावला नव्हता. इथं एका उंदराची शिंक दुसऱ्याच्या नंबरावर गेली, तर मी ती खोडतो आणि शेजारी सही करतो. तुम्ही गेल्यावर दवाखान्यानं दिलेला तुमचा तो कागद माझ्या पेटीत आहे, हे पानही त्याच्याखालीच ठेवणार. आज पेन हातात होतं, आबा. तरी ती बिडी मी खोडली नाही.