आवाज एकदम क्लियर

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. सकाळी ९.
ब्लूटूथ बूमबॉक्स आणला. दणकट. वर हँडल, बाजूला निळे लाइट. पूजेला पाटावर विळी आणि स्कूटरच्या किल्लीशेजारी मांडला. हळद स्पीकरच्या जाळीत गेली. आवाजात फरक नाही. चालू केल्यावर आतली बाई 'कनेक्टेड' म्हणाली. सहा महिन्यांनी घरात बाईचा आवाज. बरं वाटलं.
शुभदा एप्रिलपासून पुण्याला सलीलकडे. सुनेचं बाळंतपण. दिवाळीला परत येणार. तसं ती म्हणालेली नाही, पण दिवाळीला माणूस आपल्या घरी येतोच.
संकल्प : रोज सकाळी सात ते आठ गल्लीसाठी भावगीतं. शिवाय ती येईपर्यंत स्वयंपाक शिकणे.

१३ ऑक्टोबर.
बूमबॉक्स बाहेर ओट्यावर ठेवला. समोरचे नागोराव आले. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. म्हणाले, "सकाळी सकाळी गल्लीले काहून उठवून राह्यले जी?" म्हणजे शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातं.
वरण करपलं.

१५ ऑक्टोबर.
शोध लागला! फोन आला की तोही बूमबॉक्सवरच ऐकू येतो. सकाळी आठला आला तो शुभदाचाच होता. काय आवाज! ओट्यावर शेजारी बसल्यासारखी. बेस जरा जास्त होता, तो कमी करण्यात वेळ गेला. दिवाळीचं काहीतरी म्हणाली. येणार असेल.
दुपारी नागोरावांच्या बायकोने, नलूताईंनी, कढीगोळे आणून दिले. भावगीतांचा परिणाम तीन दिवसांत.

१८ ऑक्टोबर.
तिचा फोन रोज ओट्यावरच घेतो, चहा पीत पीत. आज ट्रेबल वाढवून पाहिला. तिने श्वास घेतला तोही कळला. बराच वेळ बोलली. मी हो हो म्हणत होतो. शेवटी विचारलं, मी आत्ता काय म्हणाले? म्हटलं, अगं, एकदम क्लियर ऐकू येतंय. फोन कट झाला. पुण्याचं नेटवर्क असंच.
नलूताई झुणका-भाकर घेऊन आल्या. डोळे ओले होते. गाणी जरा कमी हळवी लावावीत का?

२२ ऑक्टोबर.
आठच्या सुमारास गल्ली आता अगदी चिडीचूप असते. अंगण झाडणाऱ्या बाया झाडू धरून उभ्या राहतात. श्रोते तयार झाले!
शुभदा आज नेहमीपेक्षा मोठ्याने बोलली. व्हॉल्यूम पाचवर आणावा लागला. तरी कुठे फाटला नाही आवाज. नागोराव ओट्यावर बसले होते, ते मध्येच उठून गेले. संगीताची आवड बेताचीच.

२६ ऑक्टोबर.
स्वयंपाक शिकण्याचा संकल्प स्थगित. नलूताईंकडून दोन्ही वेळचा डबा येतो, नको कसं म्हणणार. शुभदासाठी चिवड्याचे पोहे मात्र आणून ठेवले. नागोरावांना सांगितलं, गुरुवारी येतेय ती. ते स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाव जी."

३१ ऑक्टोबर, गुरुवार.
स्कूटर पुसून पहाटेच ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गेलो. स्वागताला बूमबॉक्स सोबत, फुल चार्ज. पुण्याच्या तीन ट्रॅव्हल्स आल्या. तिन्हींतून शुभदा उतरली नाही. या ट्रॅव्हल्सवाल्यांचं नियोजनच नाही.

१ नोव्हेंबर.
नलूताई फराळ घेऊन आल्या. म्हटलं, ताई, तिची गाडी चुकली असेल. त्या ओट्यावर बसल्याच. म्हणाल्या, "भाऊ, वहिनी येत नाहीत. पुऱ्या गल्लीले मालूम हाय. त्यायनं तुमाले तीनदा सांगतलं."
काय सांगितलं, हे मला त्यांना विचारावं लागलं. त्यांना सगळं पाठ होतं. पहिल्या दिवशी शुभदा म्हणाली, दिवाळीला येत नाही. मग म्हणाली, आता इकडेच राहीन म्हणते. आणि बावीस तारखेला, ज्या दिवशी मी व्हॉल्यूम कमी केला, त्या दिवशी म्हणाली : बत्तीस वर्षं त्या घरात मी बोलते आणि तुम्ही दुसरंच काही करत असता. इथे मी बोलायला लागले की सलील टीव्ही बंद करतो.
झाडू थांबवून बायांनी ऐकलं. नागोरावांना ऐकवेना म्हणून ते उठून गेले. मी बेस बघत होतो.
फार लाज वाटली. फराळ तसाच आहे.

२ नोव्हेंबर, पाडवा. सकाळी ८.
आज बायको ओवाळते. बूमबॉक्स बंद करून कपाटात ठेवला. आतल्या खोलीत दार लावून शुभदाला मीच फोन केला. कानाला धरून. रात्रीच ठरवलं होतं, आज आपण एक शब्द बोलायचा नाही. फक्त ऐकायचं.
ती म्हणाली, हॅलो. मी ऐकलं. म्हणाली, बोला. ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाली, अहो? तेही ऐकलं. मग तिकडे कुणाला तरी म्हणाली, काही ऐकूच येत नाहीये, आणि फोन ठेवला.
आज ती काय काय म्हणाली, ते मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे.